पायोग्लिटाझोन की एम्पाग्लिफ्लोझिन: साखर दोन्ही उतरवतात, हृदयाचं काय?

दोन्ही गोळ्या टाइप २ मधुमेहाच्या. रिपोर्टवरचं एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, दोन्ही खाली आणतात. फरक पडतो तो हृदयापाशी, आणि चांगलाच पडतो.

पायोग्लिटाझोनमुळे शरीर इन्सुलिनला पुन्हा दाद देऊ लागतं. गोळी जुनी, स्वस्त. पण तिच्यामुळे किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. संध्याकाळी मोज्याचे वळ उठतात, घोट्यावर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. आधीच थकलेल्या हृदयाला हे जादा पाणी झेपत नाही, म्हणून हार्ट फेल्युअर (हृदयाचा पंप कमजोर) असलेल्यांना ती देत नाहीत. (२०१३मध्ये भारतात तिच्यावर थोडे दिवस बंदी होती, पण ती मूत्राशयाच्या कॅन्सरच्या शंकेवरून.)

एम्पाग्लिफ्लोझिनचं उलटं. साखर लघवीवाटे बाहेर, सोबत थोडं मीठ-पाणीही. २०१५च्या एम्पा-रेग चाचणीत हृदयविकार असलेले सुमारे ७,००० मधुमेही होते. औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत हार्ट फेल्युअरसाठी दाखल व्हायचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं. गंमत म्हणजे साखरेतला फरक मामुली होता!

त्रास हिचेही आहेत. गुप्तांगाला बुरशी, खाज. लाजेपायी कुणी बोलत नाही. शिवाय उलट्या-जुलाबात किंवा कडक उपवासात कीटोअ‍ॅसिडोसिसची (रक्तात आम्ल साचण्याची) भीती, तेव्हा नवरात्र निर्जळी करणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावं. किंमत पूर्वी खिशाला जड होती. मार्च २०२५मध्ये पेटंट संपलं आणि जेनेरिक आल्या.

दम लागतो, पाय सुजतात अशा माणसासाठी माझा कल सरळ एम्पाग्लिफ्लोझिनकडे. मात्र इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा.