पाण्याच्या शाईत काय घालावं: सिलिकोन की डायोल?
पाण्याचा पृष्ठताण (पृष्ठभाग आक्रसून धरणारी ओढ) सुमारे ७२ डाइन प्रति सेंमी, तर कोरोना ट्रीटमेंट केलेली, म्हणजे विजेचा मारा करून शाई धरण्याजोगी केलेली पॉलिथिन फिल्म साधारण ३८ ते ४२ची. म्हणून नुसतं पाणी तिच्यावर अळवाच्या पानावरल्यासारखं गोळा होतं. पाण्यात कालवलेली शाई पसरायला हा ताण फिल्मच्या आकड्याखाली आणावा लागतो, त्यासाठीच सिलिकोन किंवा डायोल घालतात.

ट्रायसिलोक्सेन जातीचं सिलिकोन ०.१ टक्का घातलं तरी ताण २०-२२ पर्यंत उतरतो. अ‍ॅसिटिलीनिक डायोल इतकं खाली नेत नाही. माहितीपत्रकावर सिलिकोनच जिंकतं. पण तो आकडा संथ पाण्यावरचा, आणि फ्लेक्सो मशीन (लवचिक ठशांनी छापणारं) काही संथ नसतं! वेगात छापताना क्षणोक्षणी नवा पृष्ठभाग तयार होतो. तिथे डायोलचे छोटे रेणू चटकन पोचतात, वर फेसही मारतात. सिलिकोन बऱ्याचदा फेस धरून ठेवतं, आणि हात सैल सुटून जास्त पडलं तर पुढचा थर चिकटत नाही.

आणखी एक खोच. ट्रायसिलोक्सेन पाण्यात हळूहळू तुटतं, पीएच ७ पासून दूर गेला की जास्तच. आणि पाण्याच्या शाया बहुधा ८ ते ९.५ च्या. आज छान पसरलेली शाई काही महिन्यांनी रुसते ती अशी.

छपाईसाठी मी आधी डायोलच घेईन, कमी पडलं तर थेंबभर सिलिकोन. लाकडावरच्या वॉर्निशला मात्र गुळगुळीतपणा हवा, तिथे पॉलिईथर जोडलेलं सिलिकोनच बरं.