श्रोते मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

इंटरनेट रेडिओवर किंवा पॉडकास्टवर स्वतःच्या हिमतीवर मराठी चर्चेचा कार्यक्रम चालवणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. ज्यांच्या पाठीशी कंपनी नाही अशा निवेदकांना हेरून ‘प्रमोशन’च्या नावाखाली लुबाडणारी माणसं आहेत. त्यांनी मला पासष्ट हजारांना गंडा घातला. कसा घातला ते तपशिलात सांगतो, कारण त्यांच्या बोलण्यात खरं आणि खोटं फार बेमालूम मिसळलेलं असतं.

आमचा कार्यक्रम गृहनिर्माण सोसायट्यांचा. डोंबिवलीहून दर रविवारी सकाळी तासभर, थेट. मानीव अभिहस्तांतरण (बिल्डरने न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सरकारमार्फत सोसायटीच्या नावावर करून घेणं), गळती, पार्किंग, थकबाकी असे विषय. लोक फोन करतात आणि सहकार खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक स्नेही उत्तरं देतात. ऐकणारे दीडशे-दोनशेच, पण त्यातले कितीतरी जण कागद पुढ्यात घेऊन बसलेले असतात. नवऱ्याच्या पश्चात फ्लॅट नावावर करायला समिती वर्षानुवर्षं टोलवते आहे, अशी एखादी बाई फोनवर रडते आणि तिला कुठला अर्ज कुणाकडे द्यायचा ते तिथल्या तिथे कळतं. हे काम आणखी लोकांपर्यंत जावं असं मनापासून वाटायचं. मला गंडवणाऱ्या माणसाने नेमकं तेच हेरलं.

फोन आला तेव्हा त्याने आमचे दोन-तीन भाग खरोखर ऐकलेले होते. “सर, तुमचा विषय सोन्यासारखा आहे, फक्त पोहोच नाही,” असं म्हणाला. तीन गोष्टी देऊ केल्या : दर रविवारी दोन हजार थेट श्रोते, बारा कम्युनिटी रेडिओ केंद्रांवर (संस्था आपल्या परिसरापुरती चालवतात ती छोटी रेडिओ केंद्रं) पुनःप्रसारण, आणि पुढे माझ्या स्वतःच्या नावावर कम्युनिटी रेडिओचा परवाना. निम्मे पैसे आधी, निम्मे श्रोते दिसल्यावर.

श्रोते दिसले. पहिल्याच रविवारी आकडा दोन हजारांच्या वर गेला आणि मी उरलेले पैसे भरले. फोन मात्र पूर्वीइतकेच, आठ-दहा. पुढच्या रविवारीही तेच. दीडशे माणसांतून दहा फोन येत असतील, तर दोन हजारांतून रांग लागायला हवी होती. चर्चेच्या कार्यक्रमात श्रोता खरा की खोटा हे सांगणारी याहून भरवशाची खूण मला माहीत नाही.

मग सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. प्रत्येक श्रोत्याचा आयपी पत्ता (त्याच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक), कुठल्या ॲपवरून ऐकतो, कधी आला आणि किती वेळ थांबला हे त्यात लिहिलेलं असतं. खरी माणसं मागेपुढे येतात, कुणी दहा मिनिटांत जातं, कुणाचं नेटवर्क लोकलमध्ये तुटतं आणि तो पुन्हा जोडला जातो. इथे शेकड्यांनी जोडण्या एकाच सेकंदाला सुरू झालेल्या आणि एकाच सेकंदाला बंद पडलेल्या. सगळ्यांचं ॲप एकच, आवृत्तीसकट. आयपी पत्ते परदेशातल्या मोजक्या डेटा सेंटरचे, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या जागांचे. त्या यंत्रांना आमच्या सोसायट्यांच्या भांडणांशी काय देणंघेणं!

त्यात आणखी एक भुर्दंड. आमचा स्ट्रीम ६४ केबीपीएसचा आहे, म्हणजे एका श्रोत्यामागे तासाला साधारण २९ एमबी डेटा जातो. दोन हजार बॉट, म्हणजे श्रोता असल्याचं सोंग करणारे प्रोग्राम, तासभर जोडलेले राहिले की ५८ जीबीच्या आसपास. ते बिल होस्टिंग कंपनी, म्हणजे जिच्या सर्व्हरवरून कार्यक्रम जातो ती, आपल्याला लावते. म्हणजे खोट्या श्रोत्यांचे पैसे मी दोनदा मोजले.

परवान्याचं आमिष तर मुळापासून खोटं. कम्युनिटी रेडिओ २००२ मध्ये शिक्षणसंस्थांसाठी खुला झाला आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांसाठी. पुणे विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ किंवा म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ ही अशीच संस्थांनी उभी केलेली केंद्रं. एकट्या व्यक्तीला हा परवाना मिळतच नाही, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं स्पष्ट लिहिलं आहे. सरकारी आणि लोकहिताची माहिती वगळता प्रायोजित कार्यक्रम लावायलाही तिथे परवानगी नाही, त्यामुळे पैसे घेऊन बारा केंद्रांवर जागा मिळवून देणं हा सौदाच बेकायदा. त्याने पाठवलेल्या यादीतली केंद्रं खरी होती. मी एकेका केंद्राला फोन लावत गेलो. ज्यांनी उचलला, त्यांच्यापैकी कुणीही ह्या माणसाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त त्रास फीडचा झाला, म्हणजे ज्या फाइलमधून पॉडकास्टची ॲप्स आपले भाग उचलतात तिचा. जुने भाग पॉडकास्ट म्हणून ‘नीट मांडतो’ असं सांगून त्याने होस्टिंगचा पासवर्ड घेतला आणि फीडमधला मालकाचा ईमेल बदलून स्वतःचा टाकला. कार्यक्रम कुणाचा हे ॲपवाले त्या ईमेलवरून ठरवतात, पडताळणीचा क्रमांक तिथेच जातो. मी बॉटबद्दल विचारल्यावर उत्तर आलं, की फीड परत हवं असेल तर आणखी वीस हजार. दिले नाहीत. होस्टिंगचं खातं माझ्या नावावर आणि माझ्या कार्डावर होतं, म्हणून कंपनीला बिलं दाखवून ते सोडवता आलं. डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग दोन्ही त्याच्या नावावर असती, तर इतक्या वर्षांचे भाग गेलेच होते. प्रमोशन करणाऱ्याला मालकाचा पासवर्ड लागत नाही. बहुतेक ठिकाणी मर्यादित अधिकारांचं वेगळं लॉगिन देता येतं.

त्याने दिलेलं बिल सोबत काढून ठेवलं आहे. वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलेलं, खाली जीएसटी क्रमांक. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७), पुढची दहा अक्षरं पॅनची. म्हणजे डावीकडून सहावं अक्षर पॅनचं चौथं. कंपनीचं असेल तर तिथे ‘सी’ येतो, व्यक्तीचं असेल तर ‘पी’. ह्या बिलावर ‘पी’ होता, आणि जीएसटी पोर्टलवर तो क्रमांक टाकल्यावर भलत्याच कुणाच्या तरी किराणा दुकानाचं नाव आलं. त्या दुकानदाराला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नसणार. पैसे तर यूपीआयने तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यात गेले होते.

मधल्या काळात वाढलेला आकडा पाहून वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाने तीन महिन्यांची जाहिरात दिली होती. त्याला लॉग दाखवले आणि त्याचे पैसे परत केले. अशा फसवणुकीत जाहिरातदारही भरडला जातो, आणि लहान कार्यक्रमांवरचा त्यांचा विश्वास एकदा उडाला की तो सगळ्यांवरूनच उडतो. याची मला पैशांपेक्षा जास्त चीड आहे.

सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० ह्या मदतक्रमांकावर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यावर लगेच १९३० वर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत तोवर खातं रिकामं झालं होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची लेखी तक्रार पोलीस ठाण्यातही दिली आहे. लॉग, बिल, यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं संभाषण असं सगळं जोडलं आहे.

तुमच्या कार्यक्रमाचे श्रोते अचानक दहापट झाले असतील आणि फोन, पत्रं, मेसेज तेवढेच असतील, तर आजच लॉग उतरवून घ्या. काही होस्टिंग कंपन्या ते थोडेच दिवस ठेवतात. तुमच्याही बिलावर कंपनीचं नाव आणि जीएसटी क्रमांकात ‘पी’ असेल, तर तुमची स्वतंत्र तक्रार नोंदवा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या, तर त्या जोडून तपास होऊ शकतो.