मेंदूचे मॉडेल की बोकडाचा मेंदू?

मुशीच्या (लहान शार्क माशाच्या) डोक्यातली कूर्चा स्काल्पेलने खरवडत पाचवी, सातवी, नववी आणि दहावी क्रेनियल नर्व्ह (थेट मेंदूतून निघणारी नस) मोकळी करायची आणि परीक्षकांना ती उठून दिसावी म्हणून खाली काळ्या कागदाची पट्टी सरकवायची, अशा पद्धतीने आमची पिढी चेतासंस्था शिकली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना आणि त्यानंतर २०१४ चा निर्णय यांमुळे पदवीच्या वर्गातले हे विच्छेदन थांबले, आणि ते थांबले याचे मला दुःख नाही. वर्गातले निम्मे विद्यार्थी दहावी नर्व्ह तोडून ठेवत आणि शेजाऱ्याच्या ट्रेमध्ये पाहून आकृती काढत. परंतु मेंदू दाखवायचा कशावर, हा प्रश्न मात्र उरला. आमच्या विभागाने गेल्या काही वर्षांत सुट्या भागांचे प्लास्टिकचे मॉडेल आणि मटणाच्या दुकानातून आणलेला बोकडाचा मेंदू असे दोन्ही वापरून पाहिले. विभागाच्या तुटपुंज्या निधीत यांपैकी काय निवडावे, अशा विचारात असलेल्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

मॉडेलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ते माणसाच्या मेंदूचे असते. बोकडाचा मेंदू आडवा, मेरुरज्जू त्याच्या मागे जवळपास सरळ रेषेत, आणि अनुमस्तिष्क (लहान मेंदू) प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) खाली न जाता मागे उघडे बसलेले. हे पाहिलेला विद्यार्थी माणसाच्या आकृतीत वर, खाली, पुढे, मागे यांत हमखास गोंधळतो, आणि तो गोंधळ निस्तरण्यात माझा एक तास तरी जातो. शिवाय मॉडेलला वास नाही, परवानगीचा प्रश्न नाही, आणि शाकाहारी घरातल्या मुलामुलींना खिडकीपाशी जाऊन उभे राहावे लागत नाही. संगणकावरील विच्छेदनाबद्दल फार लिहीत नाही. उजळणीला ते चांगले आहे, पण त्यात हाताकडून काही तुटतच नसल्यामुळे हात काही शिकत नाही.

बोकडाच्या मेंदूचा त्रास दुकानापासूनच सुरू होतो. मुंडी मागितली की खाटीक सवयीने सत्तूर घालून तिचे दोन तुकडे करतो, आणि नुसता भेजा मागितला तर तो वाटीत काढून देतो. दोन्ही प्रकारांत मेंदू आपल्या कामाचा राहत नाही. म्हणून अख्खी मुंडी आणायची, आमच्या लॅबमधल्या मामांनी हॅक्सॉने कवटीचे छप्पर कापायचे, खोबऱ्याच्या पाठीसारखे चिकटलेले जाड आवरण सोलायचे, आणि मग मेंदू हलकेच उचलून खालच्या नर्व्हज एकेक कातरत जायचे. पुढची गंधकंदे (वास ओळखणारे मेंदूचे भाग) हाडाच्या खोबणीत घट्ट रुतलेली असतात, त्यामुळे घाई केली की ती तिथेच राहतात. मेंदूच्या तळाशी लोंबणारी पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी तर आपल्या खळग्यात इतकी पक्की असते की ती मेंदूबरोबर अखंड निघालेली मी मोजक्याच वेळा पाहिली आहे. ताजा मेंदू घट्ट दह्यासारखा असल्याने तो १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, बरणीच्या तळाशी कापूस घालून, दोन आठवडे ठेवावा लागतो, नाहीतर खालून चपटा होतो. वापरण्यापूर्वी दिवसभर वाहत्या पाण्यात धुवावा लागतो, आणि तरीही डोळे चुरचुरतातच.

एवढे असूनही माझा निर्णय ज्या गोष्टीने केला, ती तशी क्षुल्लक आहे. मॉडेलवर अंक छापलेले असतात आणि प्रत्येक भागाला वेगळा रंग असतो. विद्यार्थी भाग ओळखत नाहीत, अंक पाठ करतात. तोंडी परीक्षेत मी थॅलॅमसवर (मेंदूच्या मध्यभागी खोलवर असलेल्या भागावर) बोट ठेवले की उत्तर तत्काळ येई, म्हणून दोन वर्षे मी शिकवण्यावर खूश होतो. तिसऱ्या वर्षी अंकांवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि अर्धा वर्ग गप्प झाला. एक विद्यार्थिनी प्रामाणिकपणे म्हणाली, “सर, निळा म्हणजे थॅलॅमस, पण पट्टीखाली निळा दिसतच नाहीये.”

त्याच वर्गापुढे पुढच्या आठवड्यात बोकडाचे मेंदू ठेवले. सगळे एकाच मळकट रंगाचे. दोन गोलार्धांमधल्या खाचेत सुरी बरोबर मध्यावर धरून उभा छेद घेतला, की वर दोन्ही गोलार्धांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसमची पांढरी कमान दिसते, आणि तिच्याखाली दोन्ही थॅलॅमसना जोडणारा भाग गोल कापला गेलेला दिसतो. ही खूण सापडेपर्यंत त्या मुलीने ट्रे तीनदा फिरवला होता. नंतर मी तिला मॉडेल उलटे धरून विचारले, तर तिने रंगाकडे न पाहता आधी कमान शोधली. एका वर्गावरून नियम काढू नये हे मला मान्य आहे, आणि ज्यांच्याकडे एक्झॉस्ट पंखा किंवा मोकळी हवा नाही, त्यांना मी फॉर्मॅलिनचा आग्रह करणार नाही. त्यांनी मॉडेलच घ्यावे, मात्र पहिल्याच दिवशी अंक खरवडून टाकावेत. रंगांचे काय करायचे, ते मला अजून जमलेले नाही.

जे मेंदू आणणार असतील, त्यांनी विद्यापीठाचा आणि प्राचार्यांचा होकार लेखी घ्यावा. प्राणी वर्गासाठी मारलेला नसला तरी कागद हाताशी असलेला बरा. रविवारी दुकानात गर्दी असते आणि खाटीक आपले ऐकून घेईपर्यंत सत्तूर पडलेला असतो, म्हणून बुधवारी सकाळी लवकर जावे आणि “मुंडी फोडू नका” हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. आणि पहिल्या सत्राची प्रात्यक्षिके नेमकी श्रावणात येत असल्यामुळे बरण्या गटारीच्या आधीच भरून ठेवाव्यात.