संक्रांतीआधी केलेलं हायफू: नवतपा संपल्यावरचा अनुभव

परवा क्लिनिकातून फोन आला, "मॅडम, दुसऱ्या सिटिंगवर सूट आहे." म्हटलं, आता लिहूनच टाकू. हायफू म्हणजे ध्वनिलहरींची उष्णता आत सोडून चेहऱ्याची सैल कातडी आवळायची ट्रीटमेंट, जास्त खोलात जात नाही.

मी सत्तेचाळिशीची, गाव आर्वी तालुक्यात, शेती कापूस-तुरीची. पहिल्या वेच्याचा कापूस विकला आणि नागपूरला जाऊन जबड्याची कड आणि हनुवटीखालचा भाग करून घेतला.

दुखतं. गालावर चाललं, पण यंत्र हाडावर आलं की कळ थेट दाढेच्या मुळात. साडेचार मिलिमीटर आत, साठ-सत्तर अंशांची उष्णता, मग दुखणारच. चेहऱ्यावरची लाली गावाकडच्या एसटीत बसेपर्यंत उतरली. सूज आणि दाबलं की दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. संक्रांतीचा तिळाचा लाडू चावताना कानाखाली ठणका यायचा. गोळी पॅरासिटामॉलच घ्या, ब्रूफेन नको, ती सूज उतरवते आणि सूज हा कामाचाच भाग आहे, असं तिथे सांगितलं होतं.

मग हनुवटीची डावी बाजू बधिर झाली. पोह्यांची तर्री ओघळली तरी मला पत्ता नाही, सासूबाई म्हणाल्या, "तोंड पूस ना वं!" क्लिनिकात फोन केला की रिसेप्शनवरची मुलगी म्हणायची, "नॉर्मल आहे मॅडम." डॉक्टर मिळेचनात. शेवटी भांडले तेव्हा व्हिडिओवर आले आणि आधी हसायला लावलं. ओठाचा कोपरा खाली ओढला जातो का, ते पाहायचं होतं. तसं असतं तर स्नायू हलवणारी नस दुखावली असं धरतात, तेही बहुतेक काही आठवड्यांत भरून येतं. माझी फक्त स्पर्शाची नस होती, महाशिवरात्रीपर्यंत जाग आली. हेच रिसेप्शनला सांगता आलं नसतं? ओठ वाकडा झाला, फोड आला किंवा चट्टे उठले, तर मात्र "नॉर्मल आहे" ऐकून बसू नका, डॉक्टरला गाठा.

काळजीचा कागद दिला तो इंग्रजीत. सौना टाळा, स्विमिंग पूल टाळा. आमच्याकडे सौना कुठला? चुलीवर आंघोळीचं पाणी तापवताना वाफ तोंडावर घ्यायची की नाही, हे कोणी लिहिलं नव्हतं. मी काही दिवस मुलीला तापवायला लावलं.

आता खरा राग. सनस्क्रीन! एसपीएफ पन्नास, दोन बोटं भरून, उन्हात असाल तर दर दोन तासांनी. पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन-अडीच आठवड्यांत चपटी. क्लिनिकच्या काउंटरवरची ट्यूब तर अशी महाग की त्यात फवारणीच्या औषधाची बाटली आली असती. ट्रीटमेंटचा खर्च सांगताना हा खर्च कोणी धरत नाही. आर्वीच्या मेडिकलमध्ये तेवढ्याच एसपीएफची, रंगाची छटा असलेली ट्यूब बऱ्याच कमी पैशांत मिळाली. दुपट्टा बांधला तरी आत लावायचीच.

'सनस्क्रीन म्हणजे लूट' असंच लिहिणार होते. पण एप्रिलात फोटो जुळवून पाहिले. कोलॅजेन, म्हणजे कातडी घट्ट धरणारं प्रथिन, बनायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तेवढं थांबले होते. जबड्याची कड थोडी नीट झाली आहे, मला दिसते, आमच्या ह्यांना दिसत नाही. गालावरचा वांग मात्र फिका पडला आहे. दर उन्हाळ्यात तो काळा व्हायचा, यंदा नवतप्यातही वाढला नाही. हायफू खालच्या थरात काम करतं, वांगाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे फरक दिसला तो ट्यूबचा, आणि मोठे पैसे गेले यंत्राला.

तरी करायचंच असेल तर यंत्र कोणतं ते विचारा. अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये भुवयांसाठी आणि २०१२ मध्ये हनुवटीखालच्या भागासाठी ज्या 'अल्थेरा' यंत्राला मंजुरी दिली, त्यात त्वचेचे आतले थर पडद्यावर दिसतात. स्वस्तातल्या बऱ्याच हायफूत तसं दिसत नाही, अंदाजाने चालवतात. हातात यंत्र डॉक्टर धरणार की टेक्निशियन, तेही विचारा. चेहरा आधीच सुकलेला असेल तर जाऊच नका, आतली चरबी कमी होऊन गाल आणखी बसू शकतात.

दुसऱ्या सिटिंगला मी नाही म्हणून सांगितलं. ट्यूब चालू आहे, पण हल्ली लवकर संपते. आमचे हे शेतात जाताना लावून जातात, विचारलं की नाही म्हणतात.