घरी बांधलेल्या दोन आसनी विमानासाठी फ्लोट निवडताना: साधे, उभयचर की हवा भरलेले?

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे ‘घरी बांधलेले विमान’ ही कल्पना मराठी वाचकाला आता अपरिचित राहिलेली नाही. अमेरिकेत आणि कॅनडात हा अनेक दशकांपासून रीतसर मान्यता असलेला छंद आहे आणि मिनेसोटात राहून मीही गॅरेजमध्ये किटमधून असे एक विमान जोडले आहे. विमान चाकांवर सुखरूप उडू लागले की तळ्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या माणसाच्या मनात पुढचा प्रश्न येतोच, की यालाच फ्लोट, म्हणजे चाकांच्या जागी बसणारे होडीसारखे पोकळ तरंगते भाग, लावून पाण्यावर उतरता येईल का. ज्यांचे विमान दोन आसनी, वर पंख असलेले आणि सुमारे १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचे आहे आणि ज्यांना फ्लोटची जोडी विकत घ्यायची आहे, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

बहुतेक जण कंपन्यांची माहितीपत्रके समोर ठेवून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात वजनकाट्यापासून करावी. किटच्या कागदावर छापलेले रिकाम्या विमानाचे वजन आणि आपल्या हातून प्रत्यक्ष बांधून झालेल्या विमानाचे वजन यांत वीस-तीस किलोंचा फरक सहज पडतो, आणि फ्लोटच्या निवडीत नेमके तेवढेच किलो निर्णायक ठरतात. म्हणून विमान रंग देऊन, आसने बसवून पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा तोलावे आणि मगच पुढचा हिशेब मांडावा.

पहिला हिशेब आकाराचा आहे. फ्लोटच्या नावात येणारा १३२०, १४५० किंवा २००० असा आकडा म्हणजे तो एक फ्लोट पूर्ण बुडाला तर किती पौंड गोडे पाणी बाजूला सारतो, याचे माप असते. अमेरिकेतील प्रमाणित विमानांसाठीचा जुना दंडक असा आहे, की फ्लोटची तरण्याची एकूण क्षमता विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्क्यांनी अधिक असावी, प्रत्येक फ्लोटमध्ये साधारण सारख्या आकारमानाचे किमान चार जलरोधक कप्पे असावेत, आणि कोणतेही दोन कप्पे पाण्याने भरले तरी विमान तरंगत राहावे. हौशी बांधणीच्या विमानावर हा दंडक सक्तीचा नाही, पण तो मोडण्याचे कोणतेही शहाणे कारण मला आजवर सापडलेले नाही. ६५० किलोंच्या विमानासाठी दोन फ्लोट मिळून ११७० किलो, म्हणजे प्रत्येकी ५८५ किलो किंवा सुमारे १,२९० पौंड क्षमता लागते. याहून लहान जोडी घेतली तर वाऱ्याच्या दिवशी लाटा फ्लोटच्या पाठीवरून वाहतात आणि तुषार थेट पंख्यात जातात. फार मोठी जोडी घेतली तर ते ओझे हवेत कायमचे वाहावे लागते.

दुसरा हिशेब उरलेल्या वजनाचा. आपले विमान चाकांवर रिकामे ३५० किलो भरते आणि पाण्यासाठी त्याची मर्यादा ६५० किलो आहे, असे समजू. चाके व त्यांची जोडणी काढली की साधारण २५ किलो कमी होतात. ॲल्युमिनियमच्या साध्या फ्लोटची जोडी तिच्या दांड्या-तारांसह १०० किलो धरली, तर रिकामे वजन ४२५ होते आणि माणसे, सामान व इंधन यांसाठी २२५ किलो उरतात. साठ लिटर पेट्रोलचे सुमारे ४३ किलो वजा केले तरी प्रत्येकी ८० किलोंची दोन माणसे, जीवरक्षक जॅकेट, दोर, वल्हे आणि हातपंप एवढे त्यात बसते. याच विमानाला १५० किलोंचे उभयचर फ्लोट, म्हणजे धावपट्टीवर उतरण्यासाठी वर-खाली होणारी चाकेही असलेले फ्लोट, लावले, तर इंधनानंतर उरतात १३२ किलो. म्हणजे दुसरी खुर्ची आहे, पण तिच्यावर बसणारा शाळकरी मुलगा असावा लागतो. हवा भरलेल्या फ्लोटची जोडी ८० किलोंपर्यंत बसवता आली, तर हाच आकडा २०२ होतो. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपले आकडे आपणच काढावेत, पण क्रम बहुधा हाच राहील. कमाल वजनाची मर्यादा फ्लोट लावल्याने आपोआप वाढत नाही, हेही येथेच सांगायला हवे. विमानाच्या आराखडाकाराने पाण्यासाठी वेगळी मर्यादा दिलेली असेल तरच ती धरावी.

ॲल्युमिनियमचे साधे फ्लोट हा सर्वांत जुना आणि सर्वांत समजलेला पर्याय आहे. एडो कंपनीने न्यूयॉर्कमध्ये १९२५ पासून या कामाला सुरुवात केली आणि तिचे कित्येक दशके जुने फ्लोट आजही पाण्यावर दिसतात. पत्रा चेपला तर ठोकून सरळ करता येतो, फाटला तर ठिगळ रिव्हेटने जोडता येते, आणि ज्याने पत्र्याचे विमान स्वतः बांधले आहे त्याच्याकडे ही सर्व हत्यारे आणि हाताला सवय आधीच असते. कॅनडातील झेनएअरसारख्या कंपन्या फ्लोटही किटच्या रूपात देतात, त्यामुळे हिवाळ्यातली मजुरी स्वतःची घालून पैसे वाचवता येतात. उणीव दोन ठिकाणी आहे. रिव्हेट कालांतराने सैल होतात आणि शिवणी झिरपू लागतात. आणि समुद्राचे खारे पाणी त्या शिवणींत शिरून बसले की पत्रा आतून पोखरतो. गोड्या तळ्यांवर उडणाऱ्याला दुसऱ्या गोष्टीची फारशी चिंता नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने मात्र प्रत्येक उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुण्याची सोय आधी पाहावी आणि फ्लोट नंतर.

फायबर आणि इपॉक्सीच्या फ्लोटना रिव्हेट नसतात, त्यामुळे त्यांचा तळ गुळगुळीत असतो आणि गंजाचा प्रश्नच येत नाही. पाण्यावरून सुटताना त्यांचा हा गुळगुळीतपणा जाणवतो, असे वापरणारे सांगतात आणि मला ते पटते. मात्र खडकावर घासून वरचा थर उघडा पडला, तर आतल्या गाभ्यात पाणी मुरत राहते आणि ते बाहेरून दिसत नाही. पत्र्याचे दुखणे डोळ्यांना दिसते, फायबरचे दुखणे टकटक करून ऐकावे लागते. समुद्राकाठच्या माणसाने हा पर्याय गंभीरपणे घ्यावा. तळ्याकाठच्या माणसाला त्याची जादा किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

हवा भरलेले फ्लोट पाहून नवखा माणूस हसतो, आणि ते चूक आहे. लेप दिलेल्या मजबूत कापडाच्या आवरणात हवेच्या अनेक स्वतंत्र पिशव्या असतात, त्यामुळे एखादी फुटली तरी फ्लोट बुडत नाही. ते हलके असतात, धक्का सोसतात, दगडगोट्यांच्या काठावर बिनधास्त लागतात आणि ओल्या गवतावर किंवा बर्फावरही चालतात. पण त्यांचा तळ ताठ नाही आणि त्याला पत्र्याच्या फ्लोटसारखी धारदार कड नाही, त्यामुळे पाणी कापून वेग घेण्यात ते मागे पडतात आणि हवेत त्यांचा अडथळाही अधिक होतो. ताशी ६०-७० मैलांनी रमतगमत उडणाऱ्या अतिहलक्या विमानाला ते शोभतात. ताशी १०० मैल जाणाऱ्या विमानाला ते लावणे म्हणजे घोड्याच्या पाठीवर कापसाचा गठ्ठा लादणे आहे. वजन फारसे नाही, पण घोडा पळायचा नाही.

उभयचर फ्लोटचा मोह सर्वांना होतो आणि तो समजण्यासारखा आहे. सकाळी विमानतळावरच्या हँगरमधून निघावे, पंपावर पेट्रोल भरावे, दुपारी एखाद्या तळ्यावर उतरावे आणि संध्याकाळी परत धावपट्टीवर यावे. ज्याचे स्वतःचे घर तळ्याच्या काठी नाही, त्याला साध्या फ्लोटवर विमान ठेवायला धक्का भाड्याने घ्यावा लागतो आणि इंधनाचे डबे वाहून न्यावे लागतात, हे खरे आहे. तरीही १०० अश्वशक्तीच्या दोन आसनी विमानाला उभयचर फ्लोट लावू नयेत, असे माझे मत आहे, आणि त्याला वजनापलीकडचीही कारणे आहेत.

पाण्यावरून उड्डाण करताना सर्वांत कठीण क्षण हवेत नसतो. सुरुवातीला फ्लोट नांगरासारखे पाणी फाडत जातात, नाक वर चढते, पाण्याचा विरोध वाढत जाऊन एका टोकाला पोहोचतो आणि तो टप्पा ओलांडला तरच विमान फ्लोटच्या तळाच्या मधल्या पायरीवर, वैमानिकांच्या भाषेत ‘स्टेपवर’, येऊन घसरू लागते. इंजिनाची खरी परीक्षा त्या टप्प्यावर होते. जादा ५० किलो तिथे जितके बोचतात तितके हवेत बोचत नाहीत. थंड सकाळी मिनेसोटाच्या तळ्यावर जे विमान अर्ध्या मिनिटात स्टेपवर येते, ते समुद्रसपाटीपासून सुमारे ६,२०० फूट उंचीवरच्या टाहो सरोवरावर उन्हाळ्यातल्या दुपारी नुसते पाणी नांगरत बसू शकते.

दुसरे कारण चाकांचे. चाके वर घेतलेली असताना धावपट्टीवर किंवा गवतावर उतरले तर फ्लोटचा तळ खरवडतो, पैसे जातात आणि मित्र हसतात. चाके खाली असताना पाण्यावर उतरले तर चाके पाण्यात अडतात आणि विमान पुढे कोलमडून उलटे होते. पहिली चूक खिशाची आहे, दुसरी जिवाची. म्हणून उभयचर विमानाचे वैमानिक प्रत्येक उतरणीपूर्वी ‘हे पाणी आहे, चाके वर आहेत’ असे मोठ्याने म्हणतात, आरशातून चाके पाहतात, आणि काही जण बोलून सावध करणारे यंत्रही बसवतात. विमा कंपन्यांनाही हे ठाऊक असते, त्यामुळे उभयचर विमानाचा हप्ता साध्या फ्लोटपेक्षा सहसा चढाच असतो. फ्लोट ठरवण्यापूर्वी त्याची विचारणा लेखी करून घ्यावी. इंजिन १३०-१४० अश्वशक्तीचे असेल, विमान मुळात हलके बांधलेले असेल आणि बहुतेक उड्डाणे एकट्यानेच करायची असतील, तर माझा आक्षेप बराच मावळतो.

जोडणीच्या बाबतीत एकच प्रश्न महत्त्वाचा आहे: आपल्याच मॉडेलच्या विमानासाठी तयार दांड्या आणि खुंट्या मिळतात का? मिळत असतील, तर ब्रँडच्या प्रतिष्ठेपेक्षा त्या गोष्टीला अधिक वजन द्यावे. फ्लोटची पायरी विमानाच्या गुरुत्वमध्यापासून किंचित मागे यावी लागते. ती फार मागे गेली तर नाक वर उचलत नाही, फार पुढे आली तर विमान मागे बसते. फ्लोट आणि पंख यांच्यातील कोन दोन अंशांनी चुकला तरी उड्डाणाची धाव लांबते. शिवाय फ्लोटचा पुढचा भाग वाऱ्याला बाजूने पृष्ठभाग देतो, त्यामुळे शेपटीची दिशा धरण्याची ताकद अपुरी पडते आणि अनेक विमानांना शेपटीखाली एक जादा पंखुडी लावावी लागते. हे सर्व दुसऱ्या कोणी आधी सोडवलेले असेल, तर ते विकत घेण्यात कमीपणा नाही. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानाला फ्लोट लावणे हा मोठा बदल धरला जातो आणि त्यानंतर किमान ५ तासांची चाचणी उड्डाणे नव्याने करावी लागतात, तेव्हा प्रयोगाला वाव तसाही थोडाच राहतो.

वापरलेली जोडी घ्यायची की नवी, यावर माझा अनुभव सांगतो. मी घेतलेली ॲल्युमिनियमची जुनी जोडी ‘अजिबात गळत नाही’ या शब्दावर घेतली. पहिल्या रात्री विमान धक्क्याला बांधून ठेवले आणि सकाळी कप्प्यांच्या तोंडांवरचे रबरी चेंडू एकेक काढून हातपंप लावला. डाव्या फ्लोटच्या कप्प्यांतून दोन-तीन उपशांत फुर्र असा हवेचा आवाज आला, म्हणजे ते कोरडे होते. उजव्या फ्लोटच्या तिसऱ्या कप्प्यातून चाळीस उपसे झाले तरी पाणी येतच होते. पुढे दांडीच्या बैठकीखालची पट्टी काढली, तेव्हा तिथे मिठासारखी पांढरी भुकटी साठलेली होती. ती जोडी कधीतरी समुद्रावर राहिलेली असणार. ही परीक्षा खरेदीपूर्वी करता येते. फ्लोट लाकडी घोडीवर नीट आधार देऊन ठेवावा, एकेका कप्प्यात बेताने पाणी ओतावे आणि बाहेरून कोणता रिव्हेट ओला होतो ते खडूने खुणवावे. विकणारा याला तयार नसेल, तर तेच उत्तर समजावे.

हवामानाचा हिशेबही याच यादीत धरावा. मिनेसोटातील तळी हिवाळ्याचे कित्येक महिने गोठलेली असतात. साध्या फ्लोटवाल्याला तोवर फ्लोट उतरवून चाके किंवा स्की लावाव्या लागतात, आणि त्यासाठी विमान उचलणारी यारी, दोन जाणती माणसे आणि एक पूर्ण दिवस लागतो. माझ्याकडे हे काम ऑक्टोबरच्या अखेरीस होते, कारण बोटे बधिर झाल्यावर पाच मिलिमीटरचा बोल्ट चिखलात पडला की तो वसंत ऋतूतच सापडतो.