नाल्यावर पूर अडवायचा खाजगी बांध करून घेतला, ठेकेदाराला 5 पैकी 3 स्टार

आधीच सांगतो, हे शेततळं नाही. रोज कुणीतरी फोन करतं, भो तुमचं तळं उन्हाळ्यात किती दिवस पुरतं म्हणून. आमचा बांध पाऊस थांबला की दोन-अडीच तासात खाली होतो आणि खाली व्हावा म्हणूनच बांधलाय. एवढी साधी गोष्ट ठेकेदाराच्या डोक्यात बसवायला मला आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग लागले, म्हणून दोन स्टार तिथेच कापले.

आमचं गाव चाळीसगावच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. 2021 ला 30 ऑगस्टच्या रात्री कन्नड घाटात दरडी पडल्या आणि सकाळी तितूर न डोंगरी नदी चाळीसगाव शहरात शिरली ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आमचा नाला कुणाच्या नकाशात पण सापडणार नाही, पण त्याच रात्री तो आमच्या कपाशीतून आडवा गेला आणि खालच्या आळीत कमरेएवढं पाणी. काकूच्या दोन बकऱ्या गेल्या, धान्याच्या कोठ्या भिजल्या, मका तर घरातच उगवून आला. नंतरही दोन वर्षाआड हेच चालू. शेवटी नाल्याकाठचे आम्ही चार जण एकत्र बसलो आणि पैसे काढले. साडेचार लाख झाले सगळं धरून.

परवानगीचं आधी बोलतो कारण लोक तिथेच चुकतात. शेत तुमचं असलं तरी नाला सरकारचा, 1966 च्या महसूल कायद्यात नदी-नाले सरकारच्याच मालकीचे धरलेत. आम्ही ग्रामपंचायतीचा ठराव घेतला, तहसीलला अर्ज टाकला, दोन्हीच्या पोच लॅमिनेट करून ठेवल्यात. धरण सुरक्षा कायदा आलाय 2021 चा, पण तो 15 मीटरच्या वरच्या धरणांना आणि 10 ते 15 मधल्या काही धरणांना. आमचा बांध साडेतीन मीटर. म्हणजे तपासायला कुणी इंजिनिअर येणार नाही आणि उद्या फुटला तर खालची आळी आमच्याच दारात.

आता ठेकेदार. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, फोन उचलतो, हिशोबाची वही साफ. पहिल्याच दिवशी येऊन म्हणाला, अण्णा टेन्शन घेऊ नका, शिरपूर पॅटर्न करून देतो. हे ऐकलं की सावध व्हायचं. धुळ्याकडच्या शिरपूरला भूजलतज्ज्ञ खानापूरकर साहेबांनी जे काम केलं ते नाला खोल-रुंद करून सिमेंटचे बंधारे घालायचं, त्याला गेट नाही, वेगळा सांडवा (जादा पाणी बाजूने सोडायची वाट) नाही, पाणी सरळ बंधाऱ्यावरून पडतं आणि सिमेंटला त्याचं काही होत नाही. आणि ते काम पाणी जिरवायचं. आमचा बांध मातीचा आणि काम पूर थोपवायचं. मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेलं की विषय संपला, दहा-वीस मिनिटात खिंडार. मी हे सांगितलं तर म्हणे अण्णा पॅटर्न तोच, मटेरियल वेगळं. धन्य!

मातीकाम मात्र चांगलं केलं, ते मान्य करावंच लागेल. 60 मीटर लांब, जवळपास सव्वाचारशे ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भराव. पाया कडक मुरूम लागेपर्यंत चर खोदून घेतला, मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगाला मुरूम. काही जण पूर्ण बांध काळ्या मातीचा करतात कारण ती फुकट मिळते, पण आपली काळी माती एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढी भेगाळते आणि आमचा बांध वर्षातले अकरा महिने कोरडाच उभा, त्यामुळे तिला मुरूमाने झाकलंच पाहिजे. रोलरवरून भांडण झालं. ठेकेदार म्हणे जेसीबीची चाकं फिरतात ना, दबतं. नाही दबत. नऊ-नऊ इंचाचा थर, टँकरने पाणी, मुठीत दाबली तर लाडू झाला पाहिजे इतपत ओल, मग रोलर. रोलर आला पण चार दिवस उशिरा आणि त्या चार दिवसात जेसीबी उभा होता त्याचेही तास वहीत दिसले. तासाला 1200 ने. ते मी कापले, त्याने पण जास्त ओढून धरलं नाही.

आता पाईपाकडे येतो, कारण सगळा खेळ पाईपाचा आहे. बांधाच्या तळात दोन फुटी सिमेंटचा पाईप टाकलाय, कायम उघडा, त्याला झडप नाही. साधा पाऊस आला तर नाला जसा आला तसा निघून जातो, बांध आहे की नाही कळत पण नाही. मोठा पाऊस आला की पाईपातून मावेल तेवढंच खाली जातं, बाकीचं मागे फुगतं आणि नंतर सावकाश निघतं. हिशोब मी शाळेतल्या पोराकडून करून घेतला. वरचं पाणलोट 25 हेक्टर. तासाभरात 60 मिलिमीटर पडला आणि निम्मं जरी वाहून आलं तरी 75 लाख लिटर. पाईप तेवढ्या वेळात 25-30 लाख काढतो. राहिलेलं 45-50 लाख मागच्या खोलगटात बसतं, सांडव्याच्या पातळीपर्यंत तेवढीच जागा आहे. म्हणजे खालच्या आळीत लोंढा साधारण निम्मा होतो. जास्त जादू नाही. ढगफुटी झाली तर सांडवा चालू होणार आणि आळीत पाणी येणार, पण उशिरा येणार, तोवर बकऱ्या सोडता येतात.

ठेकेदाराने पाईप टाकला आणि वरून माती लोटली. थांबवलं मी. गळती सुरू होते ती पाईपाच्या अंगाने, माती न पाईपाच्या मधून बारीक धार निघते आणि आतून पोखरत जाते. परत उघडायला लावलं, दोन ठिकाणी काँक्रीटची कॉलर घातली आणि पाईपाच्या बगलेत रोलर पोचत नाही तिथे माणसं लावून धुमसने ठोकून घेतलं. ज्यांचं काम चालू असेल त्यांनी त्या दिवशी शेतात हजर राहा, लग्न असलं तरी.

सांडवा हा खरा राग आहे. कागदावर 14 फूट रुंद लिहिलेला, यांनी 7 फूट खोदला. विचारलं तर म्हणे अण्णा पाईप आहे ना, सांडव्यावर पाणी कशाला येतंय. पाईप पऱ्हाट्यांनी (कपाशीच्या वाळक्या काड्यांनी) तुंबला तर काय? शेवटी माझ्या जेसीबीवाल्या भाच्याकडून रुंद करून घेतला, पैसे बिलातून वजा. पण दगडी पिचिंग, म्हणजे दगड बसवून अस्तर करायचं, राहिलं ते राहिलंच, जूनमध्ये करतो म्हणाला, पोळा होऊन गेला. सांडव्याचा तळ नुसता मुरूम आहे, एकदा जोरात चालला तर खोलच होत जाईल.

काम झालं आणि जुलैत एक दणका बसला. रात्री अकराला सुरू, आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन बांधावर. पाणी मागे चढत चढत सांडव्याच्या एक वीत खाली येऊन थांबलं. आई घरून ओरडतेय, पानी उनं का रे (पाणी आलं का), आणि खालच्या आळीत फक्त घोट्याएवढं. पहाटे तीनला बांध रिकामा. त्या रात्रीसाठी मी अडीच स्टार देतो.

पण पाईपाच्या तोंडाला लावलेली जाळी बघितली तर अर्धी पऱ्हाट्या आणि मक्याच्या धसकटांनी भरलेली. जाळी उभी सरळ लावली होती, ती तिरपी पाहिजे म्हणजे कचरा वर सरकतो. हे ठेकेदाराला माहिती नव्हतं, मला पण नव्हतं, तुम्हाला आता माहिती आहे.

आणि ऑगस्टमध्ये वेगळीच भानगड. एका सकाळी बघतो तर बांध काठोकाठ आणि पाईपात मातीने भरलेल्या गोण्या. आमच्याच चौघातल्या एकाने, विहिरीला पाणी उतरेल म्हणून. पाणी उतरतंही, खोटं नाही, पंधरा दिवसात त्याची विहीर वर आली असती. पण भरलेला बांध म्हणजे नाल्यावर ठेवलेली बादली, पुढचा पाऊस जसाच्या तसा सांडव्यावरून खाली आणि वर फुटायची भीती. पांझरा नदीवरच्या जुन्या फड पद्धतीत, म्हणजे मिळून पाणी वाटून घ्यायच्या पद्धतीत, पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या ठरलेले असायचे, पाणी कधी कुठे सोडायचं ते शेतकरी मिळून ठरवायचे आणि कुणी मनाने पाट फोडत नव्हतं. आमच्याकडे जागल्या नाही, व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तीन तास भांडून ठरलं की परतीचा पाऊस गेला की मगच गोण्या लावायच्या, तोपर्यंत हात लावेल त्याने आळीतल्या सगळ्यांना शेवभाजी घालायची.

देखभालीत घुशी बघा. 2 जुलै 2019 ला चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं तेव्हा मंत्र्यांनी खेकड्यांवर बिल फाडलं होतं, लोक हसले. आपल्याकडे बिल फाडायला घुस आहे आणि तिची बिळं मी स्वतः बांधाच्या कोरड्या अंगाला मोजलीत, चार. बाभळीचं रोप दिसलं की उपटायचं, मूळ गाभ्यात गेलं की नंतर कुजून त्याचीच नळी होते. गवत मात्र असू द्या.

ज्यांना करायचंय त्यांनी गुढीपाडव्याआधी काम चालू करा, आखाजीनंतर पोकलेन मिळत नाही आणि मिळाला तर ड्रायव्हर लग्नात असतो. पूर्ण पैसे देऊ नका, आम्ही 40 हजार मागे ठेवलेत म्हणूनच तो अजून फोन उचलतो. कालच बोललो, म्हणे अण्णा दगड खाणीवर काढून ठेवलाय, डंपर मोकळा झाला की टाकतो. पिचिंग झालं की इथे येऊन अर्धा स्टार वाढवेन.