‘प्लास्टिक वेल्डिंग’च्या नावाखाली ६५० रुपयांचा झटपट गोंद

बॅटरीची वायर तपासण्यासाठी माझ्या बारा वर्षे जुन्या मोटारसायकलचे साइड कव्हर मी ओढून काढले, तेव्हा त्याच्या मागची खुंटी मुळापासून तुटली. गॅरेजवाले जिला ‘लॉक’ म्हणतात आणि जी रबरी बुशमध्ये दाबून बसते, तीच ही खुंटी. तिच्या बुडापासून कडेपर्यंत बोटभर चीरही गेली. पुण्यातील ज्या दुकानात मी ते कव्हर नेले, तेथील मालकाने सांगितले की या मॉडेलचे कव्हर आता बाजारात मिळत नाही, मात्र ‘प्लास्टिक वेल्डिंग’ केले तर ते नव्यासारखे होईल. खर्च ६५० रुपये आणि वर्षाची गॅरंटी. ‘मिळत नाही’ हे शब्द कानावर पडले की जुन्या गाडीचा मालक निम्मा हरलेलाच असतो, त्यामुळे मी घासाघीसही केली नाही.

संध्याकाळी कव्हर हाती आले तेव्हा खुंटी ताठ उभी होती, जोडावर कानशीने घासलेला उंचवटा होता आणि सगळ्यावर काळा स्प्रे मारलेला होता. बिल मागितले, तर “काका, मी काय दुकान सोडून पळतोय का?” असे उत्तर मिळाले. मलाही ते पुरेसे वाटले, ही माझी चूक.

अकराव्या दिवशी साताऱ्याकडे जाताना शिरवळजवळ ते कव्हर उडाले. मागून येणाऱ्या स्कूटरस्वाराने ऐन वेळी गाडी वळवली नसती, तर हे लिहिण्याचे कारण वेगळे असते.

घरी आल्यावर मी जोड नीट पाहिला. प्लास्टिक खरोखर वितळवून जोडलेले असते, तर तुटताना ते ताणले गेले असते आणि तुटलेल्या जागी खरबरीतपणा दिसला असता. येथे मात्र खालचा पृष्ठभाग गुळगुळीत होता आणि वरचा पांढरट, काचेसारखा ठिसूळ थर अखंड खपली निघावी तसा सुटून आला होता. तो तुकडा मी ॲसिटोनमध्ये टाकून ठेवला, तर सकाळपर्यंत मऊ पडला. कव्हरच्या प्लास्टिकवर त्याच ॲसिटोनचा काहीही परिणाम झाला नाही. म्हणजे ते वेल्डिंग नव्हतेच. पाच-दहा रुपयांच्या ट्यूबमधला झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट गोंद आणि वर भुरभुरलेला खाण्याचा सोडा, एवढाच तो मामला असावा. या दोघांची गाठ पडली की गोंद क्षणात दगडासारखा कडक होतो, कानशीने घासता येतो आणि स्प्रे मारल्यावर वेल्डिंगसारखा दिसतो.

यात गोंदाचा दोष नाही. कव्हरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत ‘>पीपी<’ असा इंग्रजी शिक्का होता, म्हणजे ते पॉलिप्रॉपिलीनचे होते. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणासारखा असतो. खास प्रायमर लावल्याशिवाय त्यावर साधा गोंद धरत नाही, दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद नाही आणि जिला आपण सरसकट एम-सील म्हणतो ती मळून लावायची लुगदीही नाही. पॉलिप्रॉपिलीनला त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी गरम हवेने वितळवून जोडणे हाच भरवशाचा उपाय आहे. शिक्का ‘>एबीएस<’ असा असता, तर गोष्ट निराळी होती: ते प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळते, त्याच जातीचा चुरा ॲसिटोनमध्ये भिजवून केलेली लापशी चिरेत भरता येते आणि एक-दोन दिवस वाळू दिल्यावर जोड चांगला धरतो. शिक्का सापडला नाही, तर एक कपची पाण्यात टाकून पाहावी. साधे पॉलिप्रॉपिलीन तरंगते, एबीएस बुडते.

मी हे सगळे घेऊन दुकानात गेलो, तेव्हा मालक म्हणाला, “गाडी खड्ड्यात आपटली असणार.” शिक्का दाखवला, तर “तो कंपनीचा नंबर असतो,” असे त्याने निर्विकारपणे सांगितले. बरीच हुज्जत घातल्यावर २०० रुपये परत मिळाले. त्याच आठवड्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या तिसऱ्याच दुकानात तेच कव्हर ४८० रुपयांना मिळाले आणि विक्रेत्याने ते मागची शिडीसुद्धा न लावता हात वर करून काढून दिले.

असे काम कोणाला द्यायचेच असेल, तर तो माणूस कव्हर उलटे करून शिक्का वाचतो का, हे आधी पाहावे, काडी कोणती वापरणार ते विचारावे आणि स्प्रे मारण्यापूर्वी जोड दाखवण्याची अट घालावी. रंगाखाली काय आहे, हे नंतर कोणालाच दिसत नाही. पैसे दिल्यावर ‘प्लास्टिक वेल्डिंग’ हे शब्द आणि गॅरंटीची मुदत लिहिलेले बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवा दिल्यानंतर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करायचे ठरवले होते, पण पुरावा म्हणून माझ्याजवळ होती ती फक्त ॲसिटोनमध्ये मऊ पडलेली एक खपली.